खाऊचे पैसे कोणाचे?

पाहुणे निघतात. दाराशी चपला घालता घालता मावशी पर्स उघडते आणि सात वर्षांच्या भाच्याच्या हातावर ५०० रुपयांची नोट ठेवते. "अगं, एवढे कशाला?" "असू दे गं, खाऊला." मुलगा आईकडे बघतो, आई मानेनेच हो म्हणते, मुलगा वाकून नमस्कार करतो. मावशी जिना उतरून रस्त्यावर पोचायच्या आत नोट आईकडे गेलेली असते. "आण इकडे, मी ठेवते सांभाळून." भाऊबीजेची ओवाळणी, मुंजीतली पाकिटं, वाढदिवसाला आजोबांनी दिलेले पैसे, सगळ्यांची वाट तीच. पुढे त्यातून दप्तर येतं, सहलीची फी भरली जाते, कधी महिनाअखेरीला दुधाचं बिल भागतं.

यात आईचं चुकतं असं म्हणवत नाही. ओढाताणीच्या संसारात घरात आलेला रुपया घराचाच असतो, आणि एवढ्याशा मुलाने ५०० रुपये खिशात घेऊन फिरावं असंही कोणी म्हणणार नाही. तरी मुलाच्या मनात यातून एक गोष्ट पक्की बसते: पैसे माझ्या नावाने येतात, पण माझे नसतात. एकदा हे बसलं की जे आपल्याकडे राहणारच नाही ते जपायचं कशाला, हातात आहे तोवर उडवलेलं बरं, असा विचार ते करू लागतं. त्याच्या जागी मोठं माणूस असतं तर त्यानेही हेच केलं असतं.

मुलांना पैशांचं वळण लावायचं म्हटलं की आपण गल्ला आणतो, हिशेबाची वही आखून देतो, बचतीच्या गोष्टी सांगतो. माझ्या मते सुरुवात त्याच्याही आधी आहे. पैशांबद्दल दिलेला शब्द मोठी माणसं पाळतात का, हे मूल फार लवकर ओळखतं. त्याची बचत, त्याचा धीर आणि पुढे कष्टाकडे बघण्याची त्याची नजर या सगळ्याचा पाया तिथे घातला जातो.

धीर धरण्याबद्दलचा सर्वांत गाजलेला प्रयोग वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढच्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात केला. बालवाडीतल्या मुलापुढे मार्शमॅलो नावाची मऊ मिठाई किंवा तसाच काही खाऊ ठेवायचा आणि सांगायचं, आत्ता खाल्लास तर एकच मिळेल, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. थांबू शकलेली मुलं पुढे अभ्यासातही सरस निघाली असे निष्कर्ष आले, आणि धीर हा मुलाच्या अंगचाच गुण असतो अशी समजूत जगभर पसरली. २०१३ साली सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॉचेस्टर विद्यापीठात या प्रयोगाच्या आधी आणखी एक पायरी घातली. ३ ते ५ वर्षांच्या २८ मुलांना आधी चित्र काढायला बसवलं. जरा थांबलात तर याहून चांगले रंग आणून देते, असं त्यांना सांगितलं. निम्म्या मुलांना ते खरोखर आणून दिले. उरलेल्यांकडे प्रयोग घेणारी ताई रिकाम्या हाताने परतली आणि रंग नाहीत म्हणून सांगितलं. स्टिकरच्या बाबतीतही पुन्हा तेच झालं. मग मिठाई समोर आली. ज्यांनी शब्द पाळलेला पाहिला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना दोनदा रिकामा हात दिसला होता ती ३ मिनिटं. पूर्ण १५ मिनिटं पहिल्या गटातल्या १४ पैकी ९ जणांनी काढली, दुसऱ्या गटातल्या एकानेच.

प्रयोग लहान आहे आणि सगळं आयुष्य त्यावरून मोजू नये. पण २०१८ साली ९०० हून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्यावरही असंच दिसलं की घरची परिस्थिती लक्षात घेतली की मिठाईपुढच्या धीराचा आणि पुढच्या यशाचा संबंध बराच क्षीण होतो. रॉचेस्टरच्या दुसऱ्या गटातली ती मुलं उतावळी नव्हती. समोरच्या मोठ्या माणसाचा भरवसा नाही, हे त्यांनी अचूक ओळखलं होतं.

म्हणून खाऊचे पैसे सुरू करायचे तर आधी आपल्याला झेपेल तेवढंच वचन द्यावं. रक्कम छोटी चालेल, पण ठरलेली हवी. वार ठरलेला हवा, आणि त्या वारी मुलाने आठवण करून द्यायच्या आत पैसे हातात पडायला हवेत. दिलेले पैसे रागाच्या भरात परत घ्यायचे नाहीत. भावाला मारलं, गृहपाठ केला नाही, यासाठी दुसरी शिक्षा शोधावी. मालकाने कामगाराचा पगार कुठल्याही कारणाने कापला तर आपल्याला राग येतो, आणि तो राग योग्य असतो. मुलांनाही तो येतो, फक्त त्यांना बोलून दाखवता येत नाही.

किती द्यायचे हा प्रश्न प्रत्येक पालक विचारतो. शेजाऱ्यांच्या घरात बघून हा आकडा काढू नये. एक महिना, मुलाने मागितलं म्हणून आपण जे जे घेतो ते लिहून ठेवावं. चौथीतल्या मुलाचं बघा: शाळेबाहेरच्या चिंचा-बोरं, वेफर्सची पाकिटं, खोडरबर, चेंडू, मित्राच्या वाढदिवसाचं ग्रीटिंग. समजा ही बेरीज ४०० रुपये झाली. एरवी हे ४०० रुपये हट्ट, नकार, रडणं आणि शेवटी "बरं, घे" या मार्गाने जातात. तेच आठवड्याला १०० रुपये करून मुलाच्या हातात द्यावेत आणि सांगावं की आता या गोष्टी तुझ्या तू घ्यायच्या. घरखर्च वाढत नाही, निर्णय मात्र मुलाकडे जातो. ज्या घरात हीच बेरीज ६० रुपये होते तिथे आठवड्याला १५ रुपयांनीही हेच शिकवता येतं.

पहिल्या महिन्यात रविवारी दिलेले पैसे बहुधा मंगळवारीच संपतात. तो मंगळवार मौल्यवान आहे. त्या संध्याकाळी आजीने हळूच २० रुपये दिले की सगळं फुकट गेलं, म्हणून आजीला आधी विश्वासात घ्यावं. तिच्याशी भांडू मात्र नये. तिला नातवाला काही द्यायचंच असेल तर तिने त्याच्यासोबत बाजारात जाऊन भाव कसा करायचा ते दाखवावं. त्यात तिचा हात धरणारं घरात कोणी नाही. आणि मुलाने ८० रुपयांची गाडी घेतली, ती संध्याकाळपर्यंत मोडली, तर "तरी मी सांगत होते" हे वाक्य गिळावं. दहाव्या वर्षी ८० रुपयांत जे कळलं तेच तिशीत कळायला कैक पटींनी पैसे मोजावे लागतात.

वयाबरोबर मुदत लांबवत न्यावी. आठ वर्षांच्या मुलाला आठवडासुद्धा फार लांबचा वाटतो, बारा वर्षांच्याला महिना पेलतो. चौदाव्या-पंधराव्या वर्षी खाऊच्या पलीकडे जाऊन एखादा अख्खा खर्चच सोपवून बघावा. दिवाळीच्या कपड्यांसाठी घरात २५०० रुपये ठरले असतील तर ते मुलीच्या हातात द्यावेत. त्यात ती कुर्ता घेईल, चप्पल घेईल, की साधा कपडा घेऊन उरलेल्यात पुस्तकं आणेल, हे तिने ठरवावं. अशी रक्कम हाती आलेली मुलं दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठ्या किती बारकाईने वाचतात ते पाहण्यासारखं असतं.

बचतीचं भांडं लहान मुलांसाठी पारदर्शक असावं. जत्रेतला मातीचा गल्ला सुंदर असतो, पण आत किती साठलं ते दिसत नाही आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाला वाढ डोळ्यांनी दिसावी लागते. अमेरिकेत तीन बरण्यांची पद्धत लोकप्रिय आहे: एक खर्चाची, एक साठवणीची, एक इतरांना देण्याची. पहिल्या दोन मला पटतात. तिसरीची सक्ती करू नये. सक्तीने दिलेलं दान मुलाला करासारखं वाटतं. घरात मोठ्यांचा हात देता असेल तर मूल ते न सांगता उचलतं.

हे खाऊचे पैसे आले कुठून, याचा इतिहासही उपयोगाचा आहे. समाजशास्त्रज्ञ विवियाना झेलिझर यांनी १९८५ सालच्या आपल्या पुस्तकात अमेरिकेतलं चित्र उलगडून दाखवलं. एकोणिसाव्या शतकात गिरण्यांत, शेतांत, रस्त्यांवर काम करणारी मुलं घराला पैसे आणून देत. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ती कामावरून शाळेत गेली. कमाई थांबली, पण दुकानं, चॉकलेटं, सिनेमे वाढले, आणि मुलांना पैसे तर लागू लागले. तेव्हा तज्ज्ञांनी आईवडिलांना ठरावीक भत्ता द्यायला सुचवलं. म्हणजे कमावणारी मुलं कमवायची थांबली तेव्हा हा भत्ता जन्माला आला. आपल्याकडे हे दोन्ही काळ आजही एकाच गावात, कधी एकाच वर्गात शेजारी शेजारी बसलेले असतात. एकाला महिन्याला ठरलेले पैसे मिळतात, दुसरा शाळा सुटल्यावर वडिलांच्या हातगाडीवर उभा राहतो.

घरकामाचे पैसे द्यावेत का, हा पुढचा प्रश्न. ताटं उचलली तर ५ रुपये, अंथरूण घातलं तर ५ रुपये, अशी यादी फ्रिजवर चिकटवणारी घरं आता बरीच आहेत. हेतू चांगला असतो. पण दर लागला की कामाचं रूप बदलतं. इस्रायलमधल्या हैफा शहरात १० पाळणाघरांचा अभ्यास युरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी २००० साली प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला पालक उशिरा येत, म्हणून सहा पाळणाघरांनी १० मिनिटांहून अधिक उशिराला १० शेकेल दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी जवळपास दुप्पट झाला. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटत होती, आता पैसे भरून उशीर विकत मिळत होता. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर पूर्वीइतका खाली आला नाही. लहान मुलांचंही असंच दिसतं. जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००८ साली २० महिन्यांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात, मदत केल्याबद्दल खेळणं मिळालेली मुलं नंतर कमी मदत करू लागली. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं ती मात्र आनंदाने करत राहिली.

माझं मत यावर ठाम आहे. आपलं ताट उचलणं, आपले कपडे घडी करणं, आजोबांना पाणी नेऊन देणं ही घरात राहण्याची कामं आहेत, त्यांना दर नसावा. ज्या कामासाठी आपण बाहेरच्या माणसाला पैसे दिले असते ते काम मुलाने नीट केलं तर मोबदला जरूर द्यावा. गाडी धुणं, माळा साफ करणं, जुन्या कागदपत्रांचं स्कॅनिंग. रद्दी हे तर उत्तम साधन आहे. मुलाने ती बांधावी, दुकानात न्यावी, आजचा किलोचा भाव विचारावा, काट्यावर नजर ठेवावी, पैसे मोजून घ्यावेत आणि त्यातला ठरलेला वाटा त्याचा असावा. वजन, दर, मोलभाव, हिशेब हे सगळं एका फेरीत होतं.

इथे आपल्या घरांतला एक जुना अन्याय सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मुलगा कोपऱ्यावरून कोथिंबीर घेऊन आला की उरलेले सुटे "ठेव तुला" म्हणून त्याला मिळतात. मुलगी रोज भांडी विसळते, धाकट्याला सांभाळते, पोळ्या लाटायला बसते आणि तिच्या हातावर काही पडत नाही, कारण ते "घरचंच" असतं. दहा वर्षं हे बघितलेल्या मुलीला पुढे पगाराबद्दल बोलताना जीभ जड वाटते. घरकामाला दर नको म्हणायचं असेल तर ते दोघांनाही सारखं वाटून द्यायला हवं. नाहीतर त्या तत्त्वाचा भार एकटी मुलगी उचलते.

आणखी एक बदल गेल्या काही वर्षांत झाला आहे. आजच्या मुलांना घरात पैसा दिसेनासा झाला आहे. वाण्याकडे आई मोबाइल समोर धरते, डबीतून आवाज येतो, सामान पिशवीत पडतं. किती होते, किती गेले, किती उरले, यातलं काहीच मुलाच्या डोळ्यांपुढून जात नाही. म्हणून पहिली तीन-चार वर्षं तरी खाऊचे पैसे रोखच द्यावेत. शक्यतो सुटे द्यावेत, म्हणजे वाटणी करता येते. त्यानंतर बँकेकडे वळावं. रिझर्व्ह बँकेने २०१४ सालीच १० वर्षांवरील मुलांना स्वतःच्या सहीने बचत खातं चालवू द्यायची मुभा बँकांना दिली होती, आणि एप्रिल २०२५ मध्ये याचे नियम पुन्हा नव्याने मांडले. रकमेची मर्यादा, एटीएम कार्ड, चेकबुक या गोष्टी प्रत्येक बँक आपापल्या धोरणाने ठरवते, खात्यात उणे शिल्लक मात्र होऊ द्यायची नसते. टपाल खात्यातही १० वर्षांवरच्या मुलाला बचत खातं स्वतः चालवता येतं. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या 'यूपीआय सर्कल'मध्ये आईवडिलांच्या खात्यातून घरातल्या दुसऱ्या व्यक्तीला मर्यादा घालून किंवा प्रत्येक वेळी परवानगी घेऊन पैसे देता येतात. सोय चांगली आहे, पण ते आईवडिलांचे पैसे आहेत. मुलाचं स्वतःचं पासबुक, त्याने रांगेत उभं राहून छापून आणलेलं, वेगळं काम करतं. मावशीच्या ५०० रुपयांची जागाही तिथेच आहे. त्याच आठवड्यात, मुलाला सोबत नेऊन, त्याच्या हाताने स्लिप भरून.

एकट्याच्या पैशापेक्षा सामाईक पैसा सांभाळणं अवघड असतं, आणि ते शिकायच्या जागा आपल्याकडे आधीपासून आहेत. सोसायटीतल्या बालगणेश मंडळाची वर्गणी गोळा करणारी दहा-बारा वर्षांची पोरं पावती फाडतात, दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना "गेल्या वर्षीपेक्षा थोडे जास्त द्या ना" म्हणतात, मांडवाला किती, प्रसादाला किती यावर भांडतात. शेवटी जमाखर्च लिहून जिन्याजवळच्या फलकावर लावला तर त्या दहा दिवसांत पैशांचं जेवढं शिक्षण होतं तेवढं वर्षभराच्या पुस्तकात होत नाही. बहुतेक ठिकाणी ही शेवटची पायरीच राहून जाते. ती राहू देऊ नये. शाळांमधल्या 'संचयिका' या बचत योजनेत नाणी भरलेली पिढी अजून आपल्या आसपास आहे. १९९१ मध्ये मुंबईत जेरू बिलिमोरिया यांनी सुरू केलेल्या 'मेलजोल' संस्थेच्या कामातून 'अफलातून' हा कार्यक्रम वाढला. त्यात मुलं शाळेतच बचत बँक चालवतात, खातेवही मुलंच लिहितात, आणि त्याच्या जोडीला मुलांचे हक्क आणि जबाबदाऱ्या शिकवल्या जातात. २००५ पासून त्याचं आंतरराष्ट्रीय कार्यालय ॲम्स्टरडॅमला आहे आणि अनेक देशांतल्या शाळांत तो चालतो. त्याची मुळं मुंबईत आहेत हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं.

जिल्हा परिषदेच्या शाळांत भरणारा बालबाजार याच वाटेवरचा. मुलं घरच्या शेतातली मेथी, शेवगा, लिंबं, आईने करून दिलेली भेळ, वडे घेऊन बसतात आणि गाव खरेदीला येतं. फोटो सुंदर येतात. पण संध्याकाळी किती मुलांना कळतं की ३०० रुपयांच्या विक्रीत १८० रुपये तेल-बेसनाचे होते आणि आईची मेहनत मोजलीच नव्हती? शिक्षकांनी दुसऱ्या दिवशीचा पहिला तास याच गणिताला द्यावा. नफा आणि गल्ल्यातली रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सहावीत समजलेल्या मुलाला पुढे धंद्यात हिशेबाची भीती वाटणार नाही.

आता पहिल्या नोकरीकडे. इथे कायद्याची रेघ आधी नीट पाहायला हवी. १९८६ चा बालकामगार कायदा २०१६ मध्ये बदलला. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. घरच्या व्यवसायात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, तेही काम धोक्याचं नसेल तर, हातभार लावायला मुभा आहे. बालकलाकारांसाठी वेगळ्या अटी आहेत. १४ ते १८ वयाच्या मुलांना खाणी, ज्वालाग्राही आणि स्फोटक पदार्थ, धोकादायक प्रक्रिया यांत काम देता येत नाही. बाकी ठिकाणी विश्रांती धरून दिवसाचे ६ तास ही हद्द आहे, सलग ३ तासांपुढे किमान १ तास विश्रांती हवी, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही, ओव्हरटाइम नाही, आठवड्याची सुट्टी हवीच. म्हणजे पहाटे पाचची पेपरची लाइन सोळा वर्षांच्या मुलाला नोकरी म्हणून देणं या चौकटीत बसत नाही, मग त्यामागे कितीही थोरांची उदाहरणं असोत.

त्या उदाहरणांत पहिलं नाव डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचं येतं. रामेश्वरममध्ये आठ वर्षांचे असताना त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चिंचोके गोळा करून दुकानात विकले, दिवसाची कमाई एक आणा. युद्धामुळे गाडी स्टेशनवर थांबेना, वर्तमानपत्रांचे गठ्ठे चालत्या गाडीतून फेकले जात, आणि ते उचलायला चुलतभाऊ शमसुद्दीन यांना मदतीचा हात हवा होता. ती त्यांची पहिली मजुरी. त्या कमाईचा अभिमान त्यांना आयुष्यभर राहिला. ही गोष्ट सांगताना मला नेहमी वाटतं की तिच्यातलं काम घरच्या माणसाकडचं होतं, आणि त्या मुलाच्या मागे त्याला शाळेत पाठवायला धडपडणारं घर होतं, हेही सांगायला हवं. कष्टाच्या गोष्टीतून घर वगळलं की ती गोष्ट गरिबीचं कौतुक होते.

महाराष्ट्रात हा विचार सर्वांत खोलवर नेला तो कर्मवीर भाऊराव पाटील यांनी. १९१९ मध्ये त्यांनी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभं राहिलं, जिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत आणि कामं वाटून घेत. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. खेड्यातला गरीब मुलगा तिथे शेतात, बांधकामावर राबून शिकला. त्या कामाचा मोबदला शिक्षणात जमा होत होता, आणि शेजारी काम करणारा मुलगा कुठल्या जातीचा हे कुदळीला विचारता येत नव्हतं. भाऊरावांनी काम आणि शाळा एकमेकांविरुद्ध उभी केली नाहीत. मुलाला काम द्यायचं की नाही हे ठरवताना माझी कसोटी त्यावरूनच येते: हे काम शाळेची वाट रुंद करतं की अडवतं?

बीड, अहिल्यानगर, जालना भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांतली मुलं या कसोटीवर कुठे आहेत ते उघड आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, ती फिटेपर्यंत टनामागे मोजणी. फडावर मूल धाकट्याला सांभाळतं, वाढ्यांचे भारे बांधतं, ते विकायला आईबरोबर रस्त्याला बसतं. या मुलांना पैशांचं शिक्षण कमी पडलेलं नाही. उचल म्हणजे काय, ती कशी वाढते आणि कशी फिटत नाही, हे त्यांना बँकेतल्या अधिकाऱ्याहून चांगलं ठाऊक असतं. त्यांना हवी आहे गावातच राहून पूर्ण वर्षाची शाळा, आणि हंगामी वसतिगृहांसाठी सरकारी पैसा वेळेवर यायला हवा. 'मुलांना लहानपणीच कष्टाची सवय हवी' असं शहरातल्या सभांत बोलणाऱ्यांनी आपण कोणत्या मुलांबद्दल बोलतो आहोत ते आधी सांगावं.

शाळा पक्की असलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी मात्र सुट्टीतलं काम ही फार मोलाची गोष्ट आहे. मे महिन्यात ओळखीच्या आंबेवाल्याकडे पेट्या उघडून फळं निवडणं, पुस्तकाच्या दुकानात बसणं, धाकट्यांच्या शिकवण्या, दिवाळीआधी पणत्या रंगवून आकाशकंदिलांबरोबर विकणं, सातबारा काढायला आलेल्या लोकांचे अर्ज भरून देणं. काम लागण्यापूर्वी चार गोष्टी स्पष्ट बोलून घ्यायला मुलाला शिकवावं: तास किती, पैसे किती, कोणत्या तारखेला, आणि काही तुटलं-फुटलं तर कोणाकडे. ओळखीच्या माणसाकडे हे विचारायला आपल्याकडे संकोच वाटतो, आणि पैसे नेमके तिथेच अडकतात. वडिलांनी मुलासोबत जाऊन एकदा बसावं, पण प्रश्न मुलानेच विचारावेत. करारावर त्याची सही घेऊन त्याला बांधता येत नाही. अल्पवयीनाने केलेला करार मुळातच शून्य, हे मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९०३ सालीच ठरवून ठेवलं आहे. आयकराचा कायदाही इथे एक सूक्ष्म फरक करतो. मुलाच्या नावावर ठेवलेल्या ठेवीचं व्याज आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. मुलाने स्वतःच्या अंगमेहनतीने किंवा स्वतःच्या कौशल्याने मिळवलेले पैसे मात्र त्याचेच उत्पन्न धरले जातात.

पहिला पगार हातात आला की अनेक घरांत तो देवापुढे ठेवतात, पेढे वाटतात. हे व्हावं. त्यानंतर त्या पैशांचं काय, हे मात्र पगार यायच्या आधी ठरलेलं असावं. कमावत्या मुलाचे पैसे ज्या घराला खरोखर लागतात तिथे त्याला समोर बसवून सांगावं: भाडं इतकं, किराणा इतका, यातले इतके तू घरात द्यायचे, इतके तुझे. जे घरात आले ते वहीत त्याच्या नावाने लिहावं. उसने घेतले असतील तर परतीची तारीखही लिहावी आणि ती पाळावी. सतरा वर्षांची पोर घर चालवायला हात लावते आहे, तिला तेवढा हिशेब मागायचा हक्क आहे.

ज्या घरांना ते पैसे लागत नाहीत, तिथे उलट्या बाजूने सुरुवात करावी लागते. दहावी झालेल्या मुलाला घरात महिन्याला किती येतात आणि कुठे जातात हे बहुधा ठाऊक नसतं. एक महिना त्याच्या हातात द्यावा. विजेचं बिल त्याने युनिट वाचून भरावं, मेंटेनन्स, गॅस, दूध, वाण्याची यादी, कर्जाचा हप्ता, सगळं त्याच्या वहीतून जाऊ द्यावं. पैसे आपल्याच खात्यातले, नोंद त्याची. जून महिना यासाठी सर्वांत चांगला, कारण फी, वह्यापुस्तकं, छत्र्या-रेनकोट आणि गळक्या छपराची डागडुजी सगळं एकदमच समोर येतं, आणि कोणता खर्च पुढच्या महिन्यावर ढकलायचा हे त्याच्याशी बोलूनच ठरवावं लागतं.